सल काढताना आरी सारखी अडकते? आधी फांदी पाहा, मग आरी

सल काढणीच्या, म्हणजे संत्र्याच्या झाडावरच्या वाळलेल्या फांद्या काढण्याच्या दिवसांत माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "भाऊ, आरी फसून राह्यली. इचे दात गेले काय, पाहा बरं." आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) तोडणी आटोपली की विदर्भाच्या संत्रापट्ट्यात वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत बगिच्याबगिच्यात वाळलेल्या फांद्या काढायचं काम लागतं. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) घेणाऱ्यांचं तेच काम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं. दोन्ही वेळी तक्रार हीच. आरी हातात घेऊन पाहिली तर बहुतेकदा दात शाबूत असतात. दोष फांदीच्या वजनात असतो, नाहीतर दातांत बसलेल्या चिकात. तरी माणूस नवी आरी विकत आणतो, आणि तीही त्याच फांदीत फसते.

म्हणून खालची तपासणी पैसे न लागणाऱ्या गोष्टींपासून सुरू केली आहे. क्रम मोडू नका. कानस फार पुढे येते आणि दुकान अगदी शेवटी. आरी म्हणजे इथे हाताने चालवायची छाटणीची आरी, मग ती घडीची असो की पक्क्या मुठीची. पेट्रोलवरच्या चेनसॉचं काम आणि धोके दोन्ही वेगळे, ते यात धरलेले नाहीत.

लक्षणं

अर्धा काप झाल्यावर पातं घट्ट धरलं जातं, ना पुढे जातं ना मागे येतं. असं झालं तर दोष जवळजवळ नेहमी फांदीच्या वजनाचा.

पहिल्या ओढीपासूनच आरी जड चालते, कापाच्या कडा काळपट-चकचकीत होतात, दातांच्या खाचांत ओला लगदा बसतो. दात मळलेले आहेत, किंवा आरीच या कामाची नाही.

ओल्या फांदीतूनही दाणेदार भुशाऐवजी पिठासारखी भुकटी पडते. दात बोथट झाले.

काप सरळ जात नाही, दर वेळी एकाच बाजूला वळतो. पातं वाकलेलं आहे, किंवा एका बाजूचे दात झिजलेत.

फांदी पूर्ण कापली जाण्याआधीच कडाडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. इथे आरीचा काही दोष नाही, कापायच्या क्रमाचा आहे.

घडीची आरी ओढताना पातं मुठीत हलतं, कट-कट वाजतं. हे दिसलं की त्या आरीने आणखी एकही फांदी कापू नका. आधी स्क्रू आणि लॉक पाहा. ते पुढे येतंच.

आरी आत्ता फसलेलीच असेल तर

मूठ डावी-उजवीकडे पिळू नका. पातं वाकतं ते इथेच. दोन्ही हातांनी हिसका मारणं तर सगळ्यात वाईट, कारण आरी सुटते तेव्हा ती थेट आपल्या मांडीकडे येते. शिडीवर असलात तर तोलही जातो.

एखादं बेळकं, म्हणजे टोकाला फाटा असलेलं लांब लाकूड घ्या आणि जोडीदाराला फांदीचं बाहेरचं टोक खालून जरासं उचलायला सांगा. अर्धा-एक इंच उचललं तरी काप उघडतो. मग आरी ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत हळू ओढून घ्या. फांदी जाड असेल तर कापाच्या तोंडात बांबूची चपटी खपली ठोका, तीही काप उघडा धरते. एवढं करूनही आरी सुटत नसेल आणि पातं स्क्रूवर असेल, तर मूठ काढून घ्या, पातं तिथेच राहू द्या. दुसऱ्या आरीने टोकाच्या बाजूला वीतभर अंतरावर फांदी कापा. वजन गेलं की अडकलेलं पातं बोटाने निघतं.

पहिली तपासणी: फांदीचं वजन कुठे आहे (खर्च शून्य)

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण बहुतेक आऱ्या इथेच बऱ्या होतात.

आडव्या फांदीचं टोक तिला खाली ओढत असतं. त्यामुळे फांदीच्या वरच्या अंगात ताण असतो आणि खालच्या अंगात दाब. वरून कापलं तर काप आपोआप उघडत जातो. खालून कापत गेलं तर दोन्ही कडा मिटतात आणि पातं मध्ये दाबलं जातं. मोकळ्या फांदीला एवढं पुरतं.

संत्र्याच्या बगिच्यात मात्र हाच नियम उलटा पडतो, आणि त्याचं कारण टेका. फळांनी लदलेल्या फांद्या मोडू नयेत म्हणून आपण बांबूचे टेके देतो. तोडणी होते, फळं जातात, टेके तिथेच राहतात. आता ती फांदी एकीकडे खोडावर आणि दुसरीकडे टेक्यावर टेकलेली असते. या दोघांच्या मध्ये वरून आरी लावली की फांदी मध्यभागी बसते, वरच्या कडा एकमेकींवर येतात आणि आरी धरली जाते. कापणारा म्हणतो, "वरूनच तर कापत होतो!" वरून कापत होता हेच तिथे चुकलं. शेजारच्या झाडात गुंतलेल्या फांदीचंही असंच होतं. 6 बाय 6 मीटरवर लावलेला बगीचा जुना झाला की फांद्या एकमेकींवर विसावतात, आणि खालून पाहिल्याशिवाय कोण कुणाच्या आधाराने उभं आहे ते कळत नाही.

तेव्हा आरी लावण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. टेके काढा. दोरीने बांधलेली फांदी असेल तर दोरी सोडा. गुंतलेली टोकं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) आधी मोकळी करा. आता फांदी स्वतःच्या वजनाने लोंबली की ती कुठे जाणार ते दिसतं.

काप घेताना चौथा हिस्सा झाला की थांबा आणि नीट वाकून कापाकडे पाहा. तोंड उघडत असेल तर चालू ठेवा. पात्याच्या पाठीमागे फट बारीक होत चालली असेल तर आरी लगेच बाहेर काढा आणि उलट बाजूने लावा. पातं अडकायच्या आधी लाकूड हे दाखवतंच. ओल्या फांदीत ही फट मिटताना डोळ्यांना दिसते, कडांमधून थोडा ओलावाही दाबून बाहेर येतो. वाळलेल्या फांदीत इतका अवकाश मिळत नाही. ती वाकत नाही, एकदम तुटते.

मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी एका कापात काढूच नका. तीन काप घ्या. पहिला काप खोडापासून साधारण एक फूट बाहेर, खालून, जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. आरी अडकायच्या आत काढून घ्या. दुसरा काप त्याच्या दोन बोटं बाहेर, टोकाच्या बाजूला, वरून. फांदी इथे तुटून पडते आणि खालचा काप साल सोलण्याला अडवतो. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. वजन गेलेलं असतं, त्यामुळे आरी अजिबात फसत नाही. खुंट फक्त डाव्या हाताने टोकाशी धरा, म्हणजे शेवटच्या दोन ओढींत तो साल घेऊन जाणार नाही.

हा तिसरा काप कुठे घ्यायचा यावर पुढच्या वर्षीचं काम ठरतं. फांदी जिथून निघते तिथे सालीची फुगीर, सुरकुतलेली कड असते. काप त्या कडेच्या लगत बाहेरून घ्या. कड कापून खोडाशी सपाट केलं तर जखम मोठी होते आणि नीट भरत नाही. उलट चार बोटं खुंट सोडला तर तो वाळतो, त्यात बुरशी शिरते आणि पुढच्या हंगामात तीच जागा सल म्हणून आपल्यासमोर येते. दरवर्षी त्याच झाडावर, त्याच ठिकाणी आरी घेऊन उभं राहावं लागतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मला जुना खुंटच सापडतो. वाळलेल्या लहान फांद्या काढताना वाळलेल्या भागाच्या खाली हिरव्या लाकडाचा साधारण 2 सेंटिमीटर भागही घ्यावा, म्हणजे रोगट भाग मागे राहत नाही.

दुसरी तपासणी: हात कसा चालतो (खर्च शून्य)

छाटणीच्या आरीचे दात मुठीकडे झुकलेले असतात. ती ओढताना कापते. सुताराच्या पुष्कळ करवती ढकलताना कापतात, म्हणून ज्याला करवतीची सवय आहे तो पुढे जाताना जोर लावतो. पातळ पातं पुढे ढकललं की धनुष्यासारखं वाकतं, कापात तिरकं बसतं आणि फसतं. ओढताना जोर द्या, परत नेताना हात सैल ठेवा. मी मजुरांना एवढंच सांगतो: "दाबू नको, वढ फक्त."

दुसरी गोष्ट ओढीच्या लांबीची. घाईत माणूस मधल्या चार बोटांच्या दातांनीच खरखर करत राहतो. भुसा दातांच्या खाचांत साठून कापाबाहेर पडतो, पण त्यासाठी तो दात कापाबाहेर यावा लागतो. आखूड ओढीत भुसा आतच राहतो, ओला असेल तर फुगून बसतो. मुठीजवळच्या दातांपासून टोकाच्या दातांपर्यंत लांब, सावकाश ओढी घ्या. काम लवकर होतं आणि दातही सगळे सारखे झिजतात.

हाताला जखम होते ती बहुतेकदा पहिल्या ओढीला. काप अजून पडलेला नसतो, आरी सालीवरून उडते आणि फांदी धरलेल्या हातावर येते. म्हणून धरणारा हात कापापासून किमान फूटभर दूर ठेवा, कापाच्या खाली तर कधीच नको. हातमोजा एकच मिळाला तर तो धरणाऱ्या हातात घाला. पहिल्या दोन-तीन ओढी मुठीजवळच्या दातांनी अलगद घ्या, खाच पडू द्या. ओढीचा शेवट आपल्या अंगाकडे होतो, तेव्हा फांदीच्या समोर उभं न राहता थोडं बाजूला राहा. डोळ्याला चष्मा लावा. संत्र्यात भुशापेक्षा वाळलेल्या काड्यांचाच डोळ्याला जास्त धोका असतो.

तिसरी तपासणी: दात धुवा (खर्च दहा-वीस रुपये)

आंब्याचा चीक, बाभळीचा आणि कडुनिंबाचा डिंक, डिंक्या (सालीतून गोंद गळण्याचा रोग) लागलेल्या संत्र्याच्या फांदीतला गोंद, हे सगळं पात्यावर वाळून थर बनतं. थर चढलेलं पातं कापापेक्षा जाड होतं. दात कितीही धारदार असले तरी पातं घासत चालतं, तापतं आणि चिकटतं.

कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश. दहा मिनिटं भिजवून खाचेखाचेतून ब्रश फिरवा, नेहमी दातांच्या पाठीकडून टोकाकडे. हट्टी चीक टर्पेंटाईनच्या फडक्याने निघतो. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर पात्याच्या सपाट अंगावर फिरवा, दातांच्या टोकांवर नको. मग कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. धुतल्यावर आरी बरी झाली तर पुढच्या तपासण्या वाचायची गरज नाही.

रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पातं स्पिरिटने पुसा. आणखी चांगलं म्हणजे निरोगी झाडं आधी उरका, डिंक्याची झाडं दिवसाच्या शेवटी घ्या. काही जण आरी ब्लीचच्या पाण्यात बुडवतात. त्याने जंतू मरतात, पण पातंही गंजतं, तेव्हा लगेच साध्या पाण्याने धुऊन तेल लावावं लागतं. बोर्डो पेस्टच्या (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक लेपाच्या) बादलीत आरी बुडवू नका, मोरचूद लोखंड खातं. पेस्ट कापावर लावायची असते: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचे आणि त्याच दिवशी वापरायचे. मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. मोठे काप पावसाच्या दिवसांत घेऊच नका. ओल्या जखमेतून बुरशी सहज आत जाते.

चौथी तपासणी: ही आरी या फांदीची आहे का

अंगठ्याएवढ्या, म्हणजे साधारण 2 सेंटिमीटरपर्यंतच्या काडीला सिकेटर पुरतो. त्याहून जरा जाड, 3-4 सेंटिमीटरपर्यंत लॉपर, म्हणजे लांब दांड्याची कात्री. पुढे आरी. पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या दुप्पट तरी हवी, नाहीतर ओढीला जागाच उरत नाही आणि भुसा आत कोंडतो. 18 सेंटिमीटरच्या घडीच्या आरीने आंब्याची पोटरीएवढी फांदी कापायला बसलं तर ती फसणारच.

दातांचंही तसंच. ओल्या लाकडाला मोठे, मोकळे दात लागतात, इंचाला 6 ते 8. वाळलेल्या कडक सलाला त्याहून बारीक दात गुळगुळीत चालतात. आणि पुष्कळ घरी बोअरच्या पाईपासाठी आणलेली हॅक्सॉ बगिच्यात फिरते. तिचे दात इंचाला 18 ते 24 असतात, लोखंडासाठी. ओल्या लाकडात ते दोन ओढींत लगद्याने भरतात, मग ती नुसती घासते. आरी अडकते म्हणून दाखवायला आणलेली वस्तू हॅक्सॉ निघाली असं वरचेवर होतं.

या तपासणीला पैसे लागत नाहीत. शेजाऱ्याकडून वेगळ्या दातांची आरी अर्ध्या दिवसासाठी मागून आणा आणि तीच फांदी कापून पाहा. ती सरसर चालली तर उत्तर मिळालं.

पाचवी तपासणी: स्क्रू, लॉक आणि पात्याचा सरळपणा

आरी उघडून मूठ एका हाताने धरा, पात्याचं टोक दुसऱ्या हातात जाड फडक्याने धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ असेल तर स्क्रू आवळा. स्क्रू आवळूनही खेळ राहिला, किंवा लॉक दाबल्याशिवाय पातं मिटत असेल, तर ती आरी बाद करा. घडीची आरी कामात मिटली तर मूठ धरलेली बोटं थेट दातांखाली येतात.

मग पात्याच्या टोकाकडून एक डोळा मिटून, उजेडाकडे धरून पाहा. हलकी वळण असेल तर उलट दिशेने सावकाश वाकवून सरळ होते. ठळक मोड पडली असेल तर सरळ करायच्या नादी लागू नका, ते पातं मोडीच्या जागी तुटतं. याच नजरेत दातांच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत, एकाआड एक दात डावीकडे आणि उजवीकडे किंचित कललेले. त्या कलामुळे काप पात्यापेक्षा रुंद पडतो. काही आऱ्यांमध्ये कल नसतो, त्याऐवजी पातं पाठीकडे पातळ केलेलं असतं. कलही नाही आणि पाठही तितकीच जाड, अशी आरी ओल्या लाकडात फसतेच.

एका ओळीचे दात बोडके असतील तर काप त्याच्या उलट, धारदार बाजूकडे वळतो. कारण बहुतेक वेळा लोखंड असतं. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीत, कडुनिंबात जुनी काटेरी तार आणि खिळे लाकडाच्या पोटात गेलेले असतात. सालीवर आडवी गाठ किंवा गंजाचा डाग दिसला तर वीतभर सोडून कापा.

सहावी तपासणी: दात बोथट झालेत का

नखाच्या पृष्ठभागावर दाताचं टोक अलगद टेकवा. धारदार दात नखाला पकडतो, बोथट दात घसरतो. उजेडात धरलं तर बोथट टोकं चमकतात, धारदार टोकं चमकत नाहीत.

धार लावण्याआधी टोकांचा रंग पाहा. टोकं निळसर-काळी असतील तर ते दात तापवून कडक केलेले आहेत. त्यांवर कानस चालत नाही, घसरते आणि कानसच खराब होते. अशा आरीचं पातं बदलायचं. तीन-तीन धारांच्या जपानी पद्धतीच्या दातांचंही मी हेच सांगेन. ते घरी बसून लावण्याचं काम नव्हे.

साधे तिकोनी दात असतील तर बारीक तिकोनी कानस आणा. पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून पट्ट्या घट्ट बांधा, दातच तेवढे वर दिसू द्या. एकाआड एक दात एका बाजूने, मग पातं फिरवून उरलेले. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. कानस फक्त पुढे जाताना टेकवा, परत येताना उचला. दाताचा मूळ कोन सोडू नका. जमत नसेल तर सुताराकडे द्या, पण देताना दात मुठीकडे झुकलेले आहेत आणि तसेच ठेवायचे आहेत हे आवर्जून सांगा.

सातवी: नवी घ्यायचीच झाली तर

संत्रा-मोसंबी-लिंबाला 18 ते 24 सेंटिमीटरची घडीची आरी पुरते. आंबा, चिंच, कडुनिंब असेल तर 30 सेंटिमीटरच्या आसपासची, पक्क्या मुठीची आणि म्यानाची. खांद्याच्या वरच्या फांदीला बाकदार पातं बरं, ते लाकडाला आपसूक धरून राहतं. कमरेच्या उंचीला आणि दाट फाट्यांत सरळ पातं सोपं जातं. दुकानातच उघडून लॉक हलवून पाहा, सुटं पातं मिळतं का ते विचारा आणि घामेजल्या हातात मूठ फिरते का ते पाहा. हिरव्या मुठीची घेऊ नका, गवतात हरवते आणि मग कुणाच्या तरी पायाला सापडते.

म्यान नसेल तर ठिबकच्या जुन्या 16 मिलिमीटर लॅटरलचा (नळीचा) तुकडा घ्या, ब्लेडने लांबीला चिरा आणि दातांवर चढवा. दोन रबरं लावली की पिशवीत टाकलेली आरी दुसऱ्याचा हात कापत नाही.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

फांदी विजेच्या तारेजवळ असेल किंवा तारेवर पडू शकेल, तर आरी पिशवीत ठेवा. ओलं लाकूड वीज वाहून नेतं आणि मोठ्या दाबाच्या तारेला स्पर्श न करताही माणूस मरतो. महावितरणच्या लाईनमनला सांगा किंवा 1912 वर कळवा, ते पुरवठा बंद करून फांदी काढतात. गावातल्या कुणी "फ्यूज काढला आहे" असं म्हटल्यावर चढू नका. आपल्याच बगिच्यातली मोटारीची केबलही फांद्यांमधून गेलेली असते. त्या झाडाला हात लावण्याआधी स्टार्टर आणि मेन स्विच दोन्ही बंद करा.

दोन्ही पाय जमिनीवर ठेवून फांदी हाताला येत नसेल तर लांब काठीची आरी वापरा, पण तीही तारेच्या आसपास नको आणि फांदीच्या बरोबर खाली उभं राहून नको. शिडीवर एका हाताने डोक्यावरची जाड फांदी कापणं मी कुणालाच करू देत नाही. त्याला दोर बांधून उतरवणारी माणसं लागतात. मांडीएवढी फांदी, घराच्या किंवा गोठ्याच्या छपरावर आलेली फांदी, एकीकडे कललेलं झाड, हे सगळं त्यांचंच काम.

फाट्यापाशी भुशाची आणि विष्ठेची जाळी दिसली तर साल खाणारी अळी आत गेलेली आहे. फांदी बाहेरून धडधाकट दिसते, आतून पोकळ असते आणि आरी अर्ध्यात असताना बसते. लहान असेल तर तीन कापांनी, बाजूला उभं राहून काढा. मोठी असेल तर थांबा. आग्या मोहोळ दिसलं तर झाडाखालून मुकाट्याने निघा. आरीच्या हादऱ्याने ती माशी उठते.

आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग यांसारखी झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात येतात. छाटणी वेगळी, पण झाडच तोडायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

हात कापला तर स्वच्छ पाण्याने धुऊन फडक्याने घट्ट दाबून धरा. आरीची जखम फाटलेली असते आणि तिच्यात भुसा राहतो, हळद भरून बांधून टाकू नका. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल तर लगेच दवाखान्यात न्या, कारण शीर किंवा स्नायूची दोरी कापलेली असू शकते. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आणि फांदी कापल्यावर आतलं लाकूड तपकिरी दिसलं, सालीखालून गोंद येत असेल, एकाच झाडाची सल दरवर्षी वाढत असेल, तर कापत राहू नका. रोग मुळात किंवा बुंध्यात आहे, आणि आरी तिथे पोचत नाही. कापलेल्या फांदीचा वीतभर तुकडा आणि बुंध्याचे फोटो घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत दाखवा.